जुन्या कार्टूनची १६ मिमी रिळं जमवताना: डब्यावरचं नाव नको, आतली पट्टी बघा

टॉम अँड जेरी, पॉपाय, बग्ज बनी ही मंडळी आपल्याकडे टीव्हीवरून घरात आली, पण त्यांची गाजलेली कार्टून टीव्हीसाठी बनलेलीच नाहीत. १९२० ते १९६० या काळात अमेरिकेत मुख्य सिनेमाच्या आधी सहा-सात मिनिटांचं एखादं कार्टून दाखवायची पद्धत होती. ती सगळी ३५ मिमी फिल्मवर, थिएटरच्या पडद्यासाठी केलेली. पुढे टीव्ही केंद्रं, शाळा, ग्रंथालयं आणि भाड्याने रिळं देणारे यांच्यासाठी त्यांच्याच १६ मिमी प्रिंट निघाल्या. व्हिडिओ आल्यावर या प्रिंट नकोशा झाल्या आणि संग्राहकांच्या हाती गेल्या. आज खरेदी-विक्री चालते ती मुख्यतः यांचीच.

डिस्कवर आणि ऑनलाइन इतकं मिळत असताना रीळ कशाला, हा प्रश्न रास्त आहे. एकदा पट्टी लाइट बॉक्सवर, म्हणजे खालून उजेड देणाऱ्या पेटीवर, ठेवून भिंगातून बघा. सेकंदाला २४ चौकटी जातात, पण बऱ्याच ठिकाणी लागोपाठच्या दोन चौकटींत अगदी तेच चित्र दिसेल, कारण एक चित्र दोनदा शूट करून निम्मे श्रम वाचवायची रीत होती. पळापळ सुरू झाली की मात्र चौकटीगणिक नवं चित्र. आणि एखादं पात्र गर्रकन वळतं तिथे मधल्या एकाच चौकटीत त्याचं तोंड हातभर ताणलेलं असतं, डोळे चार, हातांच्या जागी नुसते रंगाचे फराटे. पडद्यावर हे चित्र म्हणून दिसत नाही, फक्त झटका जाणवतो. १९४२ च्या ‘द डोव्हर बॉइज’मध्ये चक जोन्स आणि त्याच्या चित्रकारांनी ही युक्ती मनसोक्त वापरली. डिस्क थांबवूनही हे सापडतं म्हणा, पण पट्टीवर झटक्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं एका नजरेत येतं.

नवखा माणूस या छंदात फसतो तो नाव बघून पैसे मोजल्यामुळे. एकाच कार्टूनच्या दहा प्रिंट दहा तऱ्हेच्या असतात: एक गुलाबी पडलेली, एक कापलेली, एक नकलेची नक्कल, एखादी चोख. कुठली आपल्या पदरात पडणार हे ओळखायचं कसं, ते खाली क्रमाने दिलं आहे.

१. आधी माप ठरवा

३५ मिमी: मूळ थिएटरचं माप. मिनिटाला ९० फूट, म्हणजे सात मिनिटांचं कार्टून ६३० फूट. घरी चालवता येत नाही. शिवाय १९५१ च्या सुमारापर्यंतची ३५ मिमी फिल्म बहुतेक नायट्रेट या ज्वालाग्राही प्लॅस्टिकवर आहे. नायट्रेट जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडतो, त्यामुळे पाणी ओतूनही विझत नाही, आणि ते साठवायला परवान्याचे वेगळे नियम आहेत. कडेवर ‘नायट्रेट’ छापलेलं दिसलं किंवा जुन्या ३५ मिमी पट्टीवर ‘सेफ्टी’ हा शब्द कुठेच सापडला नाही, तर ती घरात आणू नका.

१६ मिमी: कोडॅकने १९२३ मध्ये आणलं, आणि ते सुरुवातीपासून सेफ्टी बेसवर, म्हणजे सहज न पेटणाऱ्या ॲसिटेटच्या पट्टीवर. मिनिटाला ३६ फूट. सात मिनिटांचं कार्टून साधारण २५० फूट भरतं आणि ४०० फुटी रिळात आरामात मावतं. सुरुवात इथूनच करा.

८ मिमी (१९३२) आणि सुपर ८ (१९६५): घरगुती माप. डबे सुंदर, किंमत कमी, पण कार्टून बहुधा अर्धंमुर्धं. कॅसल फिल्म्स ही अमेरिकन कंपनी वुडी वुडपेकरसारखी वॉल्टर लँट्झची कार्टून घरगुती मापात विकायची. त्यातली ‘हेडलाइन’ आवृत्ती ८ मिमीवर जेमतेम ५० फुटांची असते, म्हणजे चार मिनिटं, तीही मुकी. मूळ रंगीत कार्टून इथे कृष्णधवल निघणं नेहमीचंच. डब्याच्या चित्रासाठी घ्या, कार्टूनसाठी नको.

माप ठरलं की जे कार्टून हवं त्याची चांगली डिस्क आधी बघून ठेवा. वॉर्नरच्या कार्टूनचे ‘गोल्डन कलेक्शन’ संच (२००३ ते २००८, एकूण सहा) आणि १९३३ ते १९४३ मधल्या पॉपायचे तीन संच संदर्भाला उत्तम. लांबी किती, शीर्षकं कशी, कोट कुठल्या रंगाचा, हे माहीत असलं तर प्रिंट तपासता येते. परदेशी डीव्हीडी घेताना रीजन बघा: भारत रीजन ५, अमेरिका १. ब्लू-रेसाठी भारत सी, अमेरिका ए. डिस्कवरही एक दोष सापडतो. चित्र ‘स्वच्छ’ करणारं सॉफ्टवेअर झपाट्याने हलणारी शाईची रेघ धूळ समजून पुसून टाकतं. हालचालीच्या ऐन भरात पात्राची बाह्यरेषा तुटक दिसली तर दोष चित्रकाराचा नाही.

२. सामान

• लाइट बॉक्स, नाहीतर पूर्ण पांढरा पडदा लावलेला टॅबलेट
• ८ किंवा १० पट दाखवणारं भिंग
• रीळ गुंडाळायला हाताने फिरवायचे दोन रिवाइंड, टेबलाला पक्के बसवलेले
• धागे न सुटणारे सुती हातमोजे
• १६ मिमीचा टेप स्प्लायसर (फिल्म टेपने जोडायचं साधन) आणि भोकं असलेली टेप
• पांढरा लीडर (चित्र नसलेली कोरी पट्टी), निदान ५० फूट
• ए-डी स्ट्रिप (आंबटपणा मोजायच्या कागदी पट्ट्या)
• ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड
• एक मीटरची स्टीलची पट्टी
• आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर
• वही

प्रोजेक्टर या यादीत मुद्दामच नाही, तो सातव्या पायरीवर आहे. आधी प्रोजेक्टर घ्यायचा आणि मग त्यावर प्रत्येक नवी प्रिंट ‘लावून बघायची’, यात जितक्या प्रिंट फाटल्या असतील तितक्या दुसऱ्या कशाने नसतील.

३. नाव, शीर्षकं आणि लांबी पडताळा

पहिली गफलत नावातच होते. व्हॅन ब्यूरन स्टुडिओने १९३१ ते १९३३ मध्ये ‘टॉम अँड जेरी’ नावाची मालिका काढली होती. त्यात मांजरही नाही आणि उंदीरही नाही, एक उंच आणि एक बुटका अशी दोन माणसं आहेत. ऑफिशियल फिल्म्सने तीच कार्टून घरगुती बाजारात ‘डिक अँड लॅरी’ या नावाने विकली. हॅना आणि बार्बेराचे मांजर-उंदीर १९४० मध्ये एमजीएममध्ये आले. वर्ष विचारलंत की उलगडा होतो.

दुसरी गोष्ट शीर्षकं. वॉर्नरने १९४३ पासून आपली जुनी रंगीत कार्टून ‘ब्लू रिबन’ म्हणून थिएटरांत पुन्हा लावली. तेव्हा मूळ नामावली असलेला तुकडा थेट निगेटिव्हमधूनच कापला गेला. त्यामुळे दिग्दर्शक आणि चित्रकारांची नावं असलेली मूळ शीर्षकं जिथे शाबूत आहेत अशा प्रिंटला संग्राहक जास्त मोजतात, आणि ते बरोबर आहे. १९५६ मध्ये ऑगस्ट १९४८ पूर्वीची वॉर्नरची रंगीत कार्टून आणि पॉपाय हा सगळा माल एएपी या कंपनीने टीव्हीसाठी घेतला. सुरुवातीला तिचं बोधचिन्ह दिसलं तर प्रिंट टीव्हीसाठीची आहे. पॉपायच्या अशा प्रिंटमध्ये पॅरामाउंटचं नाव काढून टाकलेलं असतं. बेटी बूपसारख्या पॅरामाउंटच्या इतर कार्टूनवर यूएम अँड एम किंवा एनटीए या वितरकांचं नाव दिसेल, तोही टीव्हीचाच माल. टीव्ही प्रिंट वाईट असते असं अजिबात नाही. चित्र अनेकदा सुरेख असतं. फक्त तिला ‘ओरिजिनल थिएटर प्रिंट’ म्हणून जादा पैसे देऊ नका.

रंगवलेली कृष्णधवल कार्टून हा खरा सापळा. लूनी ट्यून्स मालिका १९४२ पर्यंत पूर्ण कृष्णधवल होती. १९३० च्या दशकातलं लूनी ट्यून्स रंगीत म्हणून विकायला आलं तर ते बहुधा १९६८ मध्ये कोरियात पुन्हा गिरवून घेतलेलं आहे. हाताने गिरवताना मधली चित्रं गाळली गेली, चाल अडखळती झाली आणि विनोदाचा ठेका गेला. बेटी बूपचंही पुढे हेच झालं. इथे मेरी मेलडीज मालिकेशी गल्लत करू नका, ती १९३० च्या दशकातच रंगीत झाली होती.

लांबीचा हिशेब सोपा: फूट भागिले ३६ म्हणजे मिनिटं. सात मिनिटांच्या कार्टूनची प्रिंट २०० फूट असेल तर दीड मिनिट गायब आहे. पॉपायची तीन रंगीत दोन-रिळी कार्टून (सिंदबाद १९३६, अलीबाबा १९३७, अलादीन १९३९) नवख्यांना लवकर खुणावतात. सिंदबाद सुमारे १६ मिनिटांचं आहे, म्हणजे पावणेसहाशे फूट. ४०० फुटी रिळात ‘पूर्ण सिंदबाद’ असं कुणी म्हणालं तर तो विषय तिथेच संपवा.

कापाकापी वांशिक चित्रणामुळेही झाली. कृष्णवर्णीयांची विटंबना करणारी वॉर्नरची अकरा कार्टून १९६८ पासून टीव्ही वितरणातून बाहेर आहेत. टॉम अँड जेरीमधल्या मोलकरणीची दृश्यं १९६० च्या दशकात काही ठिकाणी बदलली गेली, काही ठिकाणी आवाज बदलला. ‘अनकट’ म्हणून दाम वाढवला असेल तर नेमकं कुठलं दृश्य शाबूत आहे, ते विचारा.

४. रंग बघा, आणि फोटोवर विसंबू नका

१९८० च्या आधीच्या ईस्टमन रंगीत प्रिंटमधला निळसर रंग सर्वात आधी उडतो, मागोमाग पिवळा, आणि उरतो तो किरमिजी. म्हणूनच जुन्या प्रिंट सरसकट गुलाबी-लाल दिसतात. यावर उपाय नाही. स्कॅन करून संगणकावर थोडं सावरता येतं, पण पडद्यावर ती लालच दिसणार.

टिकणारे रंग ओळखा. टेक्निकलरची रंगछपाईची जुनी पद्धत, म्हणजे संग्राहकांच्या भाषेत ‘आयबी’, वेगळ्या रंगद्रव्यांची होती, ती पन्नास-साठ वर्षांनीही जवळपास जशीच्या तशी राहते. अमेरिकेत ही छपाई १९७० च्या दशकाच्या मध्याला थांबली. ओळख अशी: आवाजाची पट्टी करड्या-काळ्या चांदीची दिसते, रंगीत छटेची नसते. कोडाक्रोमवरच्या प्रिंटही टिकतात. १९८० च्या दशकात कोडॅकने कमी उडणारी फिल्म आणली, तिच्या कडेवर रोमन लिपीत ‘एलपीपी’ असतं. पहिल्या खरेदीसाठी एलपीपी सर्वात बिनधोक. आयबी महाग पडते, आणि विक्रेते तो शब्द सढळ हाताने वापरतात.

फोटो मागवताना लाइट बॉक्सवर पट्टीशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून, दोन्ही एकाच चौकटीत घ्यायला सांगा. फोनचा कॅमेरा गुलाबी छटा आपोआप दुरुस्त करतो. मग कागद हिरवट दिसायला लागला की लबाडी उघडी पडते. बग्ज बनीचे हातमोजे, ढग, भिंती अशा पांढऱ्या जागा बघा. आकाश जांभळं आणि गवत तपकिरी असेल तर सोडून द्या.

याला एक अपवाद ध्यानात ठेवा. तीन रंगांच्या टेक्निकलरमधलं पहिलं कार्टून डिस्नेचं (१९३२), आणि कार्टूनपुरता त्या पद्धतीचा एकाधिकार १९३५ पर्यंत डिस्नेकडेच होता. त्यामुळे १९३४-३५ ची इतर स्टुडिओंची रंगीत कार्टून दोनच रंगांत आहेत: लालसर आणि हिरवट-निळसर. तिथे खरा निळा आणि पिवळा नसणं हा मूळचाच गुण आहे. रंग उडाला समजून असा माल नाकारणारे पुष्कळ आहेत, ते तुमच्या पथ्यावर पडेल.

५. नाक आणि पट्टी: आंबट वास, आकुंचन, ओरखडे

ॲसिटेट फिल्म ओल आणि उष्णतेने सडते तेव्हा ॲसिटिक आम्ल सुटतं, डबा उघडताच व्हिनेगरचा वास येतो. आम्लामुळेच सड आणखी वेगाने होते, त्यामुळे एकदा सुरू झाली की थांबत नाही, थंडीत फक्त मंदावते. मोजायला ए-डी स्ट्रिप बंद डब्यात २४ तास ठेवा. निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर सड सुरू, पिवळी म्हणजे प्रकरण हाताबाहेर. सोबतच्या रंगपट्टीवर १.५ च्या पुढचं काहीही विकत घेऊ नका. डब्यात डांबरगोळ्या असल्या तर विशेष सावध राहा. त्यांनी फिल्म वाचत नाही, आंबट वास तेवढा झाकला जातो.

मग आकुंचन. १६ मिमीच्या दोन भोकांमधलं अंतर ७.६२ मिमी, म्हणजे १०० भोकांना ७६२ मिमी. स्टीलच्या पट्टीवर १०० भोकं मोजा. ७५५ च्या आसपास आलं तर फिल्म १ टक्का आकसली आहे, आणि प्रोजेक्टरचे दाते तिची भोकं फाडणार. व्यवहारात ७५६ खालची प्रिंट मशीनवर चढवू नये. मोजायचा कंटाळा असेल तर नव्या लीडरशेजारी ठेवा. १०० भोकांत एका भोकाचा फरक पडला की तो १ टक्काच. पट्टी सपाट न राहता पन्हळीसारखी वाकत असेल तर मोजायचीही गरज नाही.

ओरखड्यांत फरक करायला शिका. प्रिंट प्रकाशात तिरकी धरा. चकचकीत बाजूवरचा ओरखडा पडद्यावर काळा दिसतो आणि द्रवाने बराच झाकता येतो. मंद बाजूवरचा, म्हणजे इमल्शनवरचा, हिरवा, पिवळा किंवा पांढरा दिसतो. तो रंगाचा थरच गेलेला असल्यामुळे कायमचा. आणि ओरखडा चित्रात दिसतोय पण तिरक्या प्रकाशात पट्टीच्या दोन्ही बाजू गुळगुळीत आहेत? मग तो आधीच्या प्रिंटवरून छापून आलाय, म्हणजे तुमच्या हातात नक्कल आहे. १९४२-४३ मधली वॉर्नरची काही कार्टून (‘फॉलिंग हेअर’, ‘अ कॉर्नी काँचेर्टो’ वगैरे) अमेरिकेत हक्कमुक्त झाल्यामुळे वाटेल त्याने छापली. त्यांत नकलेची नक्कल हमखास भेटते: काळा डांबरासारखा, चेहऱ्यांतले बारकावे गेलेले, रेघा फुगलेल्या.

जोड, म्हणजे तुटलेली फिल्म पुन्हा चिकटवलेल्या जागा, मोजा, आणि ते कुठे आहेत तेही लिहा. सुरुवातीच्या शीर्षकातला जोड चालून जातो. गंमत घडते तिथला चालत नाही, कारण १२ चौकटी गेल्या तर अर्धा सेकंद गेला, आणि कार्टूनमध्ये पडणं आणि आपटणं यांच्यामधला तो अर्धा सेकंदच विनोद असतो. १६ मिमीत आवाज चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेला असतो. म्हणून एका जोडाने आवाज एकीकडे तुटतो आणि चित्र त्याच्यापासून सेकंदभराच्या अंतरावर.

६. कडेवरचं साल वाचा, मग सौदा करा

कोडॅक कडेवर गोल, चौकोन, त्रिकोण अशा चिन्हांत फिल्म बनवल्याचं साल छापत असे. ही चिन्हं दर २० वर्षांनी पुन्हा येत, त्यामुळे एका चिन्हाची तीन-चार सालं निघतात, आणि त्यातलं खरं कुठलं ते शीर्षकं आणि रंगावरून ठरवायचं. तक्ते सहज मिळतात. हे साल कच्च्या फिल्मचं असतं. प्रिंट त्यानंतरची असू शकते, आधीची नाही. १९४७ चं कार्टून आणि कडेवर १९७५ चं चिन्ह यात काहीच वावगं नाही, फक्त विक्रेत्याने ‘१९४७ ची प्रिंट’ म्हणू नये. गडद पट्ट्यात पांढरी उमटलेली चिन्हं असतील तर ती निगेटिव्हवरून छापून आलेली आहेत. तुमच्या फिल्मची खूण पारदर्शक कडेवर काळी असते.

भारतात अशा प्रिंट थोड्या. मुंबईत चोर बाजाराची मटन स्ट्रीट आणि पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार इथे प्रोजेक्टर आणि सुटी रिळं दिसतात, पण रिळं बहुधा माहितीपट, जाहिराती किंवा कुठल्याशा सिनेमाचा मधलाच भाग. कार्टून शोधायला अमेरिका आणि ब्रिटनमधले संग्राहकच गाठावे लागतात. तिथून मागवताना ही कागदपत्रं तयार ठेवा:

• विक्रेत्याचं बिल, त्यावर ‘वापरलेली १६ मिमी ॲसिटेट सेफ्टी फिल्म, खासगी संग्रहासाठी’ असा स्पष्ट उल्लेख
• पैसे भरल्याचा पुरावा
• कुरियरच्या केवायसीसाठी आधार किंवा पासपोर्ट
• विक्रेत्याशी झालेला लेखी संवाद: लांबी, ए-डी आकडा, जोड, रंग

‘नायट्रेट नाही’ हे लिहिलेलं नसेल तर पार्सल अडकू शकतं. बिलावर किंमत कमी दाखवू नका. नुकसान झालं तर भरपाईही तेवढीच मिळेल. सीमाशुल्क आणि वाहतूक यांचा अंदाज कुरियरकडून आधीच घ्या. एका रिळाला लागणारा खर्च आणि चार रिळांचा खर्च यांत फारसा फरक नसतो, म्हणून एका विक्रेत्याकडून दोन-चार एकदम घेणं परवडतं.

७. प्रोजेक्टर

अमेरिकेतून प्रोजेक्टर मागवायचा मोह टाळा. वजन तर आहेच, शिवाय तो ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचा असतो. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरवाल, पण हर्ट्झ बदलत नाही. अशा बऱ्याच मोटरी आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्श्याने मंद चालतात, २४ ऐवजी २० चौकटी, आणि बग्ज बनी घोगऱ्या आवाजात बोलू लागतो. तपासायला ३६ फूट लीडर मोजून दोन्ही टोकांना खूण करा. ६० सेकंदांत गेला पाहिजे. ७२ लागले तर पुली बदलावी लागेल.

आयकी, एल्मो, बेल अँड हॉवेल यांची मशीनं देशात वापरलेली मिळतात. आपोआप फिल्म ओढून घेणाऱ्या बेल अँड हॉवेलच्या काही मॉडेलमध्ये आतलं प्लॅस्टिकचं वर्म गियर काळाने तडकतं. वरून मशीन झकास दिसतं. कव्हर काढून बघितल्याशिवाय घेऊ नका. दिवा आणि आवाजाचा छोटा एक्सायटर दिवा अजून मिळतो का, हे पैसे देण्याआधी पाहा. मुक्या फिल्मसाठी बनवलेल्या जुन्या प्रोजेक्टरला दोन्ही बाजूंना दाते असतात, आणि बोलपटाच्या प्रिंटला एकाच बाजूला भोकं. त्यावर बोलपट चढवलात तर दाते थेट आवाजाच्या पट्टीत घुसतील.

पहिली चाचणी नेहमी टाकाऊ फिल्मवर. १०-१५ फूट पट्टीचं टोकाला टोक जोडून वेटोळं करा, पाच मिनिटं फिरवा, मग टॉर्च तिरका धरून बघा. नवा ओरखडा दिसला तर तो कुठल्या जागी आहे त्यावरून दोषी भाग सापडतो. बहुतेकदा तो गेटमध्ये (फिल्म दिव्यासमोरून सरकते त्या फटीत) चिकटून दगड झालेला इमल्शनचा कण असतो. लाकडी काडीने खरवडा, धातूने कधीही नाही.

८. घरी आल्यावर आणि पावसाळ्यात

नवी आलेली प्रिंट आठवडाभर इतरांपासून लांब ठेवा, ए-डी चाचणी करा, मगच कपाटात घ्या. रिवाइंडवर हळू फिरवत कडा बोटांतून जाऊ द्या. हातमोजा अडकला तिथे भोक फाटलंय, टेप लावा. जुने सिमेंटचे (फिल्म चिकटवायच्या द्रवाने केलेले) जोड हलकेच वाकवून बघा, सुटत असतील तर टेपने नव्याने करा. पॉलिस्टर बेसवर सिमेंट चिकटतच नाही. तो ओळखायला रीळ बाजूने उजेडात धरा, पॉलिस्टरचं रीळ आरपार उजळ दिसतं, ॲसिटेटचं काळपट. मग सुरुवातीला आणि शेवटी प्रत्येकी पाच-सहा फूट लीडर जोडा. आयसोप्रोपिलने पुसायचं असेल तर आधी शेवटच्या फूटभरावर करून बघा. रीळ सैल वाटलं तर टोक ओढून आवळू नका. थरावर थर घासून एका झटक्यात सगळ्या प्रिंटभर ओरखडे पडतात. पुन्हा गुंडाळा.

२१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेत ताज्या ॲसिटेटला सड लागायला सुमारे ४० वर्षं लागतात. कोकण, मुंबई, गोव्यातल्या पावसाळ्यात दोन्ही आकडे याच्या वर असतात, आणि आपल्या प्रिंट ताज्या नाहीत. गंजके पत्र्याचे डबे काढून हवा खेळणारे पॉलिप्रॉपिलीनचे डबे घ्या, आतले कागद आणि रबरबँड काढा, डबे आडवे ठेवा. माळा आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट या दोन्ही वाईट जागा. छोट्या खोलीत डिह्युमिडिफायर लावून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवणं हा सर्वात कामाचा खर्च. सिलिका जेल ठेवत असाल तर रंग बदलला की तापवून कोरडं करा. ओलं झालेलं जेल तसंच ठेवण्यात अर्थ नाही. आंबट झालेलं रीळ वेगळ्या कपाटात, कारण त्याची वाफ शेजाऱ्यांनाही लागते.

बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर पाणी लावू नका. बुरशी जिलेटिन खाते आणि मग ते पाण्यात विरघळतं, चित्रासकट. मास्क लावून, आधी कोरड्या हवेत सुकवा, मग कोरड्या कापडाने.

दुर्मीळ काही हाती लागलंय असं वाटलं, तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (१९६४ पासून) आणि मुंबईचं फिल्म हेरिटेज फाउंडेशन (२०१४) या फिल्म जतनाचं काम करणाऱ्या संस्था आहेत. स्वतः प्रयोग करण्याआधी तिथे विचारा.

९. दाखवणं आणि हक्क

प्रिंट तुमची झाली म्हणून कार्टूनचे हक्क तुमचे होत नाहीत. घरी बघायला अडचण नाही. भारताच्या १९५७ च्या कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रकाशनापासून ६० वर्षं टिकतो. अमेरिकेत त्या काळच्या, नूतनीकरण झालेल्या कार्टूनला ९५ वर्षं आहेत, म्हणूनच १९२८ चं ‘स्टीमबोट विली’ तिथे १ जानेवारी २०२४ ला हक्कमुक्त झालं. पात्रांचे ट्रेडमार्क याहून वेगळे. तिकीट लावून खेळ करायचा किंवा स्कॅन ऑनलाइन टाकायचं असेल तर कार्टूनगणिक तपासा.

खेळ झाल्यावर दिवा बंद करून पंखा चालू ठेवा, मशीन गार होऊ द्या. प्रोजेक्टरच्या मोटरवर रिवाइंड न करता हाताच्या रिवाइंडवर गुंडाळा, आणि रीळ लगेच डब्यात न कोंबता तासभर कोरड्या खोलीत मोकळं राहू द्या. वहीत तारीख, लांबी, जोडांची संख्या, कडेवरचं चिन्ह आणि ए-डीचा आकडा लिहा. पुढच्या वर्षी पावसाळा संपल्यावर हेच आकडे पुन्हा घ्यायचे. ए-डीचा आकडा अर्ध्याने (०.५) वाढलेला दिसला तर ती प्रिंट आधी स्कॅन करून घ्या, विकायची-ठेवायची चर्चा नंतर.